मदत हवी आहे : विमा ग्राहकांसाठीचं वार्तापत्र

नमस्कार मंडळी. साधारण ४०० आयुर्विमा ग्राहकांना दर तीन महिन्यांनी एक पानी मराठी वार्तापत्र पाठवायचं आहे. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ च नंबर बसतात, म्हणून दोन याद्या केल्यात. खरी अडचण वेगळीच आहे: ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही. पाठवणाऱ्याला मात्र एकच टिक दिसते आणि वाटतं, फोन बंद असेल. नंबर सेव्ह करून घेण्याचा कोणता मार्ग तुम्हाला लागू पडला? हप्त्याच्या पावतीसोबत कॉन्टॅक्ट कार्ड पाठवणं पुरतं का?

मजकुरात योजनांची जाहिरात नकोच आहे. एक तर जाहिरातीला कंपनीची आगाऊ मंजुरी लागते, आणि दुसरं म्हणजे विक्रीचा वास आला की लोक नंबर म्यूट करतात. पहिल्या अंकात एवढंच: मुदत उलटल्यावर हप्ता भरायला वार्षिक, सहामाही, तिमाहीला सवलतीचे ३० दिवस, मासिकला १५, बँक खातं किंवा पत्ता बदलला तर काय करायचं, लग्नानंतर नॉमिनी तपासा. मार्चच्या अंकात ८०सी (विमा हप्त्यावरची आयकर वजावट) घेताना जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच ती वजावट मिळते, हे ठळक लिहावं म्हणतो.

साठीपुढच्या ग्राहकांना पीडीएफ उघडता येत नाही. त्यांना चित्र पाठवावं, की छापील पान पोस्टाने? चित्र असेल तर अक्षर किती मोठं ठेवता? कुणाकडे तयार नमुना असेल तर कृपया दाखवा.