शांतता अभ्यासात एम.ए. : नक्की शिकवतात तरी काय?

वऱ्हाडी_मामा
नमस्कार मंडळी. भाची राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाली. आता म्हणते, इंग्लंडात ब्रॅडफर्डला जाऊन पीस स्टडीजमध्ये एम.ए. करणार. ताई-भाऊजी मला विचारतात, मी तुम्हाला विचारतोय. विद्यापीठात शांततेचं काय शिकवतात? अहिंसेवर प्रवचनं? आणि युक्रेन, गाझा बघता या विषयात आता काही राम उरलाय का? जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं.

तिरका_चौकोन
पन्नासेक वर्षं शिकवताहेत म्हणे. एक तरी युद्ध थांबलं का? (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

सोलापुरी_चादर
मामा, मी तिथलीच विद्यार्थिनी, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

मी गांधींची तयारी करून गेले होते. वर्गात पहिला वाद पेटला तो 25 या आकड्यावरून. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात 1971पासून हा विभाग आहे आणि जगभरच्या संघर्षांची नोंद ते ठेवतात. एका वर्षात लढाईत किमान 25 माणसं मेली तर तो सशस्त्र संघर्ष, 1000 मेली तर युद्ध. शेजारी बसणाऱ्या सुदानी मुलाने विचारलं, ‘24 मेली तर?’ बाई म्हणाल्या, रेष कुठेतरी मारावीच लागते, ती इथेच का मारली यावर निबंध लिहून आण. प्रवचन म्हणाल तर एवढंच.

ही मोजदादीची खोड जुनी आहे. लुईस फ्राय रिचर्डसन हा ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ, धर्माने क्वेकर, म्हणजे शस्त्र न धरणाऱ्या पंथाचा. पहिल्या महायुद्धात तो रुग्णवाहिका चालवत होता. 1920 साली हवामान खातं हवाई मंत्रालयाखाली गेलं, तशी त्याने नोकरी सोडली. पुढे युद्धांची आकडेवारी गोळा करत बसला. ज्या देशांची सामाईक सीमा लांब, ते जास्त लढतात का, हे त्याला तपासायचं होतं. तर स्पेन-पोर्तुगालची सीमा एका नोंदीत 987 किलोमीटर, दुसऱ्या नोंदीत 1214! युद्धाचं राहिलं बाजूला, सीमा मोजायची कशी हाच प्रश्न उभा राहिला आणि त्यातून पुढे गणितज्ञांना वेगळंच घबाड सापडलं. असो, अवांतर झालं.

विद्यापीठांत हा विषय आला तो बराचसा अशाच पंथांच्या रेट्याने. अमेरिकेत इंडियानातल्या मँचेस्टर कॉलेजात 1948 साली सुरू झाला, ब्रेदरेन चर्चच्या कॉलेजात. ब्रॅडफर्डला 1973मध्ये. निम्मा पैसा क्वेकरांनी उभा केला, तेवढाच विद्यापीठाने घातला. पहिले प्राध्यापक अ‍ॅडम कर्ल. 1965च्या भारत-पाक युद्धानंतर आणि नायजेरियातल्या बियाफ्राच्या यादवीत दोन्ही बाजूंशी बोलणी करून आलेला माणूस. थॅचरबाईंच्या काळात विभागावर बरीच राळ उडाली. पण टीकाकारांची पंचाईत अशी की अण्वस्त्रांचा हिशेब या लोकांकडे चोख असायचा. त्यातले पॉल रॉजर्स तर मूळचे पिकांच्या रोगांचे अभ्यासक!

भाचीला गाल्टुंग वाचावाच लागेल. नॉर्वेचा, याच विषयाचा अभ्यासक. 1959 साली ऑस्लोत शांतता संशोधन संस्था काढली, 2024मध्ये वारला. त्याचं म्हणणं, अठराव्या शतकात क्षयाने माणूस मेला तर इलाज नव्हता. आज औषध असूनही मेला, तर ती हिंसाच. ऐकायला जबरदस्त. पण केनेथ बोल्डिंग या अर्थतज्ज्ञाने 1977 साली त्याच्याशी लेखी हुज्जत घातली आणि मी बोल्डिंगच्या पार्टीची. गरिबी आणि गोळीबार यांची कारणं वेगळी. एका गाठोड्यात बांधलं की दोन्हींचे उपाय चुकतात.

चौकोनराव, आता तुमचं. कोलंबियात सरकार आणि फार्क बंडखोरांचा 2016मध्ये करार झाला. त्याची अंमलबजावणी तपासायचं काम खुद्द करारानेच अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या क्रॉक इन्स्टिट्यूटवर सोपवलं. (पैसा मॅकडोनाल्ड्सचा. ती कंपनी वाढवणाऱ्या रे क्रॉकच्या पत्नी जोन यांनी दिला.) करारात 578 कलमं धरली. कुठलं पूर्ण, कुठलं अर्धवट, कुठल्याला हातच लागला नाही, हे सगळं त्यांनी जाहीर केलं. ग्रामीण जमीनसुधारणा रेंगाळली, तेही लिहिलं. युद्ध प्राध्यापक थांबवत नाहीत हो. पण सह्या झाल्यावर कॅमेरे निघून जातात, तेव्हा यादी घेऊन मागे लागणारं कुणीतरी लागतं.

काशीकर
चादरताई, फक्कड. भर घालतो. वाराणसीला जयप्रकाशजींनी गांधी विद्या संस्थान काढलं होतं. तिथले सुगत दासगुप्ता 1960च्या दशकातच म्हणत होते, युद्ध नसलं म्हणजे गरीब देशात शांतता आहे असं धरू नका. त्यामुळे ‘हे सगळं गोऱ्यांचं’ असं कुणी म्हणू नये. इथेच शिकायचं तर दिल्लीत जामियाला नेल्सन मंडेला केंद्र आहे, 2004पासून. बनारस हिंदू विद्यापीठात मालवीय केंद्र, 1998चं.

वऱ्हाडी_मामा
लय भारी माहिती! पण भाऊजींचा खरा प्रश्न राहिलाच. नोकरी?

सोलापुरी_चादर
हमखास नाही. माझ्या वर्गातले काही संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांत लागले, एकजण बँकेत. मी गावागावांतल्या पाणीवाटपाच्या तंट्यांवर काम करते, पगार बेताचा. मोठं कर्ज काढून जाणार असेल तर आधी जामियाचा अर्ज भरायला सांगा. आणि कुठेही गेली तरी संख्याशास्त्र पक्कं करू दे, जोडीला अरबी नाहीतर फ्रेंच. नुसती तळमळ बघून कुणी मुलाखतीला बोलावत नाही.

तिरका_चौकोन
पॉपकॉर्न संपले. ते 578 कलमांचं कुठे वाचायला मिळेल?

सोलापुरी_चादर
क्रॉकच्या साईटवर अहवाल फुकट आहेत. इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये.