मदत हवी आहे: निमोनियाची लस द्यावी का? सोमवारच्या आत सांगा

पूर्णामाय (परभणी)
डॉक्टरांनी चिठ्ठीवर निमोनियाच्या दोन लशी लिहून दिल्यात. उपकेंद्रात गेले तर सिस्टर म्हणायल्यात, लेकरू वयात बसत नाही. मेडिकलवाला एकीचेच साडेतीन हजारांच्या वर सांगायलाय. सासूबाई म्हणतात, गोळ्या चालू असताना सुया टोचू नका. सोमवारी जायचंय. द्यावी का नको, एवढंच सांगा.

गोदाकाठ
ताई, वय किती? आजार कोणता? गोळ्या कसल्या? याच्याशिवाय कोण काय सांगणार?

लातूरकर७
सरकारीत फुकट आहे की. आमच्या नातीला दीड महिना, साडेतीन महिने आणि नवव्या महिन्याला दिली. सिस्टरशी भांडा.

गोदाकाठ
भांडून काय होणार? ती बाळांसाठी आहे. महाराष्ट्रात २०२१ मध्ये सुरू झाली, आणि पहिला डोस वर्षाच्या आत लागतो. सिस्टर बरोबर बोलल्या.

रानमेवा
गुळवेलीचा काढा सुरू करा. आमच्या घरी तीन वर्षांत कोणी दवाखाना पाहिला नाही.

पूर्णामाय
वय सहा पूर्ण. नेफ्रोटिक आहे, म्हणजे किडनीतून लघवीवाटे प्रोटीन जातं, ते लिहायचंच राहिलं. तिसऱ्यांदा उलटलंय, दरवेळी सर्दीनंतरच. रोज सकाळी नळीत लघवी तापवून बघते. पंधरा दिवसांपूर्वी दह्यासारखी फाटत होती, आता चार दिवस झाले निवळ आहे. स्टिरॉइड रोजची होती, कालपासून दिवसाआड २५ मिलिग्रॅम.

बालाघाट_गुरुजी
स्टिरॉइडवर लस चालतच नाही! माझ्या भाचीची कांजण्यांची लस याच कारणानं थांबवली होती.

सिस्टर_हिंगोली
गुरुजी, कांजण्यांची लस जिवंत असते, म्हणून थांबवली. रोज २० मिलिग्रॅम किंवा किलोमागे २ मिलिग्रॅम, असं दोन आठवडे चाललं की जिवंत लशी पुढं ढकलतात. न्यूमोकोकलच्या, म्हणजे तुमच्या चिठ्ठीवरच्या निमोनियाच्या लशीत जिवंत जंतू नसतो, जिवाणूच्या आवरणातली साखर असते. तिच्यानं आजार होत नाही. मोठ्या डोसवर असताना लस कमी लागू पडते, एवढंच. म्हणून जमलं तर लघवी निवळल्यावर, डोस उतरला की देतात. ताई, तुमची वेळ तीच दिसते. आणि रानमेवा, किडनीच्या लेकराला डॉक्टरांना न विचारता काढा नको.

रानमेवा
गुळवेलीनं आजवर कोणाचं वाईट झालं?

माजलगावची_आई
काढ्याचं पुरे करा हो. ताई, माझ्या मुलीला हाच आजार. चार वर्षांची होती, पोट फुगलेलं, संध्याकाळी ताप आला. आम्ही म्हटलं सकाळी बघू. रात्री पोटाला हात लावू देईना, पाय जवळ ओढून पडून राहिली. पोटातल्या पाण्यात पू झाला होता, न्यूमोकोकसनंच, ज्या जिवाणूवर ही लस आहे त्यानं. लघवीतून प्रोटीन जातं तशी रोगाशी लढणारी प्रथिनंही जातात, हे तेव्हा कळलं. नाव निमोनियाचं आहे, पण लस नुसत्या छातीसाठी नाही. ताप आणि पोटदुखी एकत्र दिसली तर रात्र काढू नका, माझी विनंती आहे.

पूर्णामाय
दोन लशी काहून पण? एकच दिली तर?

सिस्टर_हिंगोली
आधी या जिवाणूच्या १३ प्रकारांवरची, तिच्यानं पाया पक्का होतो. निदान आठ आठवड्यांनी २३ प्रकारांवरची. ही दुसरी दोन वर्षांच्या पुढच्यांनाच देतात. नेफ्रोटिकमध्ये तिचा आणखी एक डोस पाच वर्षांनी असतो. म्हणजे दोन्हींचे पैसे एकदम लागत नाहीत. पहिली याआधी कधी दिलीय का, कार्डावर बघा.

लातूरकर७
मग मेडिकलमधून घ्या आन् एसटीनं घेऊन जा, डॉक्टर टोचतील. स्वस्त पडतं.

सिस्टर_हिंगोली
या उन्हात? २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. बर्फाला चिकटून गोठली तरी वाया. दवाखान्यातल्याच फ्रिजमधली घ्या.

बालाघाट_गुरुजी
फ्लूची पण दरवर्षी द्या, घरच्यांनी सुद्धा घ्या. मीठही कमी करा.

गोदाकाठ
गुरुजी, मिठाचं कोणी विचारलंय? फ्लूचं मात्र खरं आहे, सर्दीनंतरच उलटतंय ना.

पूर्णामाय
कार्ड काढलं, न्यूमोकोकलचा रकानाच नाही त्यात. डॉक्टरांना फोन केला. सोमवारी पहिली देतो म्हणाले, लस त्यांच्याकडंच आहे. सासूबाईंना माजलगावच्या ताईंचं वाचून दाखवलं. मघापासून लेकराच्या पोटावरून हात फिरवत बसल्यात. माजलगावच्या ताई, तुमची मुलगी कशी आहे आता?

माजलगावची_आई
चौथीत आहे. दीड वर्ष झालं, नळी निवळ आहे.