मदत हवी आहे: रिसोर्स गव्हर्नर लावूनही रिपोर्टमुळे बिलिंग अडकतं

एसक्यूएल सर्व्हर २०१९ एंटरप्राइझ (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस), १६ कोअर, १२८ जीबी रॅम. बिलिंग आणि रिपोर्ट एकाच इन्स्टन्सवर आहेत. रिसोर्स गव्हर्नरमध्ये (कोणत्या कामाला किती सीपीयू-मेमरी द्यायची ते ठरवणारी सोय) रिपोर्टसाठी वेगळा पूल, म्हणजे सीपीयू-मेमरीचा वेगळा वाटा, केला, त्यात मॅक्स_सीपीयू_पर्सेंट ३० ठेवलं. क्लासिफायर फंक्शन लॉगिनच्या नावावरून सेशनचा वर्कलोड ग्रुप ठरवतं, आणि ग्रुप पूलला जोडलेला असतो. तरी रिपोर्ट ८० टक्क्यांच्या वर सीपीयू खातात, आणि बिलिंगच्या क्वेरी रिसोर्स_सेमाफोर या वेटवर ताटकळतात. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मॅक्स_सीपीयू_पर्सेंट फक्त ओढाताण असेल तेव्हाच लागू होतं. सीपीयू मोकळा असेल तर रिपोर्टने ८० टक्के घेतले म्हणून बिघडलं काय? कायमची मर्यादा हवी असेल तर कॅप_सीपीयू_पर्सेंट (२०१२ पासून) आहे, पण मग रात्री कोअर रिकामे बसतील. त्यापेक्षा ग्रुपला मॅक्स_डॉप (एक क्वेरी एकदम किती कोअर वापरेल त्याची मर्यादा) ४ द्या. क्वेरीत लिहिलेल्या सूचनेलाही (हिंट) ती मर्यादा ओलांडता येत नाही.

खरं दुखणं मेमरीचं दिसतंय. रिसोर्स_सेमाफोर म्हणजे सॉर्ट आणि हॅशसाठी लागणाऱ्या मेमरी ग्रँटची (क्वेरीला सुरुवातीलाच राखून दिलेल्या मेमरीची) रांग. ग्रुपमध्ये रिक्वेस्ट_मॅक्स_मेमरी_ग्रँट_पर्सेंट डीफॉल्टने २५ असतं, म्हणजे चार जड रिपोर्ट एकदम आले की संपलं. ते १० करा, रिपोर्ट पूलचं मॅक्स_मेमरी_पर्सेंट ४० करा. फार खाली गेलात तर सॉर्ट टेम्पडीबीत (डिस्कवरच्या तात्पुरत्या डेटाबेसमध्ये) सांडेल. सिस.डीएम_एक्झेक_क्वेरी_मेमरी_ग्रँट्स या सिस्टिम व्ह्यूमध्ये मागितलेली आणि वापरलेली मेमरी ताडून पाहा. मोठी तफावत असेल तर आधी स्टॅटिस्टिक्स (टेबलमधल्या डेटाची माहिती, जिच्यावरून मेमरीचा अंदाज बांधला जातो) अपडेट करा.

धागाकर्ता
बदल केले. पण सिस.डीएम_एक्झेक_सेशन्समध्ये रिपोर्टची सेशन्स डीफॉल्ट ग्रुपमध्येच दिसताहेत!

प्रतिसाद २
मग आतापर्यंत कुठलीच मर्यादा लागलेली नव्हती. क्लासिफायर फंक्शनने पूलचं नाही, वर्कलोड ग्रुपचं नाव परत द्यायचं असतं. नाव जुळलं नाही तर एररही न देता सेशन डीफॉल्टमध्ये टाकलं जातं. शेवटी 'ऑल्टर रिसोर्स गव्हर्नर रीकॉन्फिगर' चालवलंत ना? जुनी सेशन्स जुन्याच ग्रुपमध्ये राहतात, म्हणून रिपोर्ट सर्व्हिस रीस्टार्ट करा.

फंक्शन बदलण्याआधी डीएसी (अ‍ॅडमिनसाठी राखीव) कनेक्शन चालतंय का पाहून ठेवा. ते क्लासिफायरमधून जात नाही, त्यामुळे फंक्शन अडकून लॉगिन बंद पडले तर आत शिरायला तीच वाट.

प्रतिसाद १
आणखी एक: बफर पूल (डिस्कवरची डेटाची पानं मेमरीत ठेवणारा कॅश) रिसोर्स गव्हर्नरच्या मर्यादेत येत नाही. मोठ्या टेबलचा स्कॅन बिलिंगची पानं कॅशमधून हुसकावणारच, पूल कितीही आवळा. त्यावर उपाय इंडेक्स, नाहीतर रिपोर्ट रीड-ओन्ली रेप्लिकावर (डेटाबेसच्या फक्त वाचायच्या प्रतीवर) हलवणं.