पिट्युटरीतली गाठ म्हणजे ट्यूमरच असं नाही

ताई, एमआरआयमध्ये पिट्युटरीत (मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोनच्या ग्रंथीत) गाठ दिसली म्हणजे ट्यूमरच, असं वर लिहिलंत, म्हणून हे सांगावंसं वाटलं. इंदूरला रामबागेत राहणाऱ्या माझ्या मावशीचा रिपोर्टही तसाच होता. ताप नाही, नुसती डोकेदुखी आणि सारखी तहान. रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठायची. साखर नॉर्मल. ही तहान फार महत्त्वाची खूण आहे. साध्या अडिनोमात (पिट्युटरीच्या कॅन्सर नसलेल्या ट्यूमरमध्ये) ऑपरेशनआधी ती क्वचितच असते. गळू किंवा टीबी असेल तर बऱ्याचदा. एमआरआयमध्ये कडेने चमकणारी पोकळ गाठ किंवा पिट्युटरीला मेंदूशी जोडणारा देठ जाड झालेला दिसला तरी संशय घ्यावा.

खात्री होते ती बहुधा नाकावाटे ऑपरेशन करून काढलेला पू किंवा तुकडा तपासूनच. तो बायोप्सीबरोबर कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) आणि टीबीच्या जीन-एक्सपर्ट तपासणीलाही पाठवा, असं आधीच सांगून ठेवा. सगळा फॉर्मालिनमध्ये (बायोप्सीचा तुकडा टिकवायच्या द्रवात) गेला की कल्चर होत नाही. मावशीला टीबी निघाला.

आणखी एक, अगदी कळकळीने: रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे हायड्रोकॉर्टिसोन (पिट्युटरी बिघडून कॉर्टिसॉल हे हार्मोन कमी पडलं की देतात ते औषध) शरीरातून लवकर संपतं. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर मावशीला उलट्या, चक्कर, बीपी खाली. हायड्रोकॉर्टिसोनचा डोस वाढवला तेव्हा सावरली. थायरॉइडची गोळीसुद्धा आधी कॉर्टिसॉल तपासून, कमी असेल तर ते भरून काढल्यावरच. डॉक्टरांना हे दोन्ही नक्की विचारा.