जेमंकीइंजिन: माझ्याकडे मॉडेल लोड होतं, मित्राकडे 'जावा हीप स्पेस'

पायरवाट (प्रश्न)

मंडळी, जेमंकीइंजिन (जावातलं गेम इंजिन, थोडक्यात जेएमई) ३.६.१, जावा १७. फोनवरून लिहितोय म्हणून एररही देवनागरीतच टाइप केल्यात, सांभाळून घ्या.

आम्ही तिघं मिळून छोटा गेम करतोय. पडक्या बारवेत पायऱ्यापायऱ्यांनी उतरायचं, कोनाड्यांतले दिवे लावत जायचे, एवढाच. बारवेचं मॉडेल आमच्यातल्या मैत्रिणीने ब्लेंडरमध्ये केलंय. तिने दिलेल्या जीएलटीएफचं (थ्रीडी मॉडेलचा सर्वसाधारण फॉरमॅट) मी जे३ओ (जेएमईचा स्वतःचा फॉरमॅट) करून असेट्समध्ये टाकलं. माझ्या विंडोजवर ते झटक्यात लोड होतं.

तिसरा गडी उबुंटूवर, ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप. त्याने रेपोच्या (आमच्या सगळ्या फाईलींचा गिटवरचा साठा) पानावरून झिप उतरवली, ग्रेडल या टूलने बिल्ड केलं, तिथे काही कुरकुर नाही. चालवलं की खिडकी उघडते आणि लगेच 'आउटऑफमेमरीएरर: जावा हीप स्पेस'. मरतं ती ओळ म्हणजे साधं असेटमॅनेजर.लोडमॉडेल("मॉडेल्स/बारव.जे३ओ").

एक्सएमएक्स (हीपची मर्यादा ठरवणारा पर्याय) देऊन हीप, म्हणजे जावा आपला डेटा ठेवतं ती मेमरी, दीड जीबी केली, तरी तीच एरर. तीन जीबी केली तर एरर गेली, पण पडदा काळाच राहतो आणि लॅपटॉपचा पंखा बोंबलायला लागतो. हीप वाढवल्यावर लक्षण बदललं म्हणजे मेमरीच कमी पडतेय ना? पण ६ एमबीच्या मॉडेलला तीन जीबी? मैत्रीण पॉलिगॉन निम्मे करायला तयार आहे. तिला कामाला लावण्याआधी विचारतोय.

शेडरशास्त्री

टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची चित्रं, केवढी आहेत? ४०९६ बाय ४०९६ चं एक आरजीबीए (पिक्सेलला चार बाइट) टेक्स्चर उघडल्यावर ६४ एमबी होतं, डिस्कवर पीएनजी कितीही छोटी दिसली तरी. अशी दहाबारा असतील तर ४ जीबीच्या मशिनवर अवघड आहे. २०४८ करून बघा.

उंबरठा

मॉडेलला कोणी हात लावू नका. त्या ताईंना सांग, झोपा.

शास्त्रीबुवा, टेक्स्चरचा हिशोब बरोबर आहे, पण जेएमई चित्रांचा डेटा डायरेक्ट बफरमध्ये ठेवतं, जावाच्या हीपवर नाही. तिथे जागा संपली असती तर एररमध्ये 'डायरेक्ट बफर मेमरी' असं आलं असतं. इथे हीप म्हणतंय.

बाकी नेहमीचे संशयितही बाद. पाथ चुकला असता तर असेटनॉटफाउंडएक्सेप्शन आलं असतं. जेएमई३-प्लगइन्स ही लायब्ररी राहिली असती तर जीएलटीएफ अडलं असतं, 'नो लोडर रजिस्टर्ड फॉर टाइप' म्हणून. जे३ओचा लोडर कोअरमध्येच असतो. फाईल सापडली, लोडरही सापडला, आणि वाचताना हीप फुटली. मला तर फाईलच्या पोटात दुसरंच काही असल्याचा वास येतोय.

पायरवाट, मित्राकडून दोन गोष्टी मागव. एक, स्टॅक ट्रेसच्या (एरर कोडमध्ये कुठून कुठून आली त्याची यादी) वरच्या चारपाच ओळी. पूर्ण. 'वरती काहीतरी बायनरी लिहिलंय' असं नको. दुसरी, त्याच्या मशिनवर बारव.जे३ओ किती बाइटची आहे. तुझ्या नव्हे, त्याच्या.

पायरवाट

ट्रेसमध्ये सगळ्यात वर बायनरीइम्पोर्टर.रीडस्ट्रिंग, त्याखाली बायनरीइम्पोर्टर.लोड.

आणि साइज १३२. मी त्याला दोनदा विचारलं, केबी का? म्हणतो नाही, बाइट!! माझ्याकडे ६३,८४,१२७ बाइट आहे.

उंबरठा

सापडलं. ती फाईल एखाद्या एडिटरमध्ये उघडायला सांग. तीन ओळी दिसतील: पहिलीत 'व्हर्जन' आणि गिट एलएफएसचा एचटीटीपीएस पत्ता, दुसरीत ओआयडी आणि शा२५६ चा लांबलचक हॅश, तिसरीत 'साइज ६३८४१२७'. हा गिट एलएफएसचा (मोठ्या फाईली रेपोबाहेर ठेवायची सोय) पॉइंटर आहे. रेपोत खरं मॉडेल नाहीच, त्याच्या नावाची चिठ्ठी आहे. तुमच्या गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाईलमध्ये जे३ओ एलएफएसला लावलेलं असणार. ज्याच्याकडे एलएफएस बसवलेलं आहे त्याला चेकआउट करताना (गिटने फाईली फोल्डरात आणताना) खरी फाईल मिळते. ज्याच्याकडे नाही त्याला चिठ्ठी. झिपमध्येही, रेपोच्या सेटिंगमध्ये वेगळं सांगितलेलं नसेल तर, चिठ्ठीच जाते.

आता १३२ बाइटला तीन जीबी का लागतात, ते सांगायचा मोह आवरत नाही.

जे३ओच्या सुरुवातीला चार बाइटची खूण असते: जे, एम, ई, ३. बायनरीइम्पोर्टर पहिले चार बाइट आकडा म्हणून वाचतो. खूण जुळली तर पुढे व्हर्जन वगैरे. जुळली नाही तर तो 'ही चुकीची फाईल आहे' असं म्हणत नाही. ही खूण नसलेली जुन्या काळची जे३ओ असेल असं समजून तोच आकडा 'फाईलमधल्या क्लासेसची संख्या' म्हणून धरतो. जुन्या फाईली चालाव्यात म्हणून केलेली ही सोय तुम्हाला नडली.

तुमच्या चिठ्ठीचे पहिले चार बाइट म्हणजे 'व्हर्जन' या इंग्रजी शब्दाची पहिली चार अक्षरं. झाली क्लासेसची संख्या, १९८ कोटींच्या वर. एवढ्या क्लासेसना टोपणनाव चार बाइटचं लागतं, म्हणून पुढची चार अक्षरं टोपणनाव म्हणून घेतली, त्यात शब्दानंतरची स्पेसही गेली. मग क्लासच्या नावाची लांबी वाचायची: आणखी चार बाइट. तिथे बरोब्बर पत्त्यातलं 'एचटीटीपी' येतं. त्या चार अक्षरांचा आकडा होतो १,७५,२४,६२,४४८. म्हणजे क्लासचं नाव पावणेदोनशे कोटी अक्षरांचं! रीडस्ट्रिंग इमानदारीत तेवढ्या बाइटचा अ‍ॅरे मागतो, साधारण १.६ जीबी.

जावा काही न सांगता रॅमचा चौथा हिस्सा हीप घेतं, म्हणजे ४ जीबीवर एक. एरर. दीड दिली, तरी अपुरी. तीन दिली तेव्हा अ‍ॅरे मावला, पण तो भरताना फाईल संपली हे कोणी तपासत नाही. संपलेल्या फाईलमधून कोट्यवधी वेळा 'अजून दे' चाललेलं असतं. पंखा त्यासाठी फिरतोय.

उपाय: झिप फेकून द्या, त्यातून खरी फाईल कधीच येणार नाही. तिच्यात गिटचा इतिहासच नसतो, त्यामुळे 'गिट एलएफएस पुल' कशावर चालवणार? उबुंटूवर गिट-एलएफएस हे पॅकेज बसवा, 'गिट एलएफएस इन्स्टॉल' चालवा, रेपो नीट क्लोन करा (गिटनेच, इतिहासासकट उतरवा). आधीच क्लोन असेल तर 'गिट एलएफएस पुल' पुरे. नंतर ग्रेडल क्लीन करून पुन्हा बिल्ड. आणि एक्सएमएक्स काढून टाका.

शेडरशास्त्री

मानलं. पॉइंटर ठाऊक होता, 'एचटीटीपी'चा आकडा नव्हता. टेक्स्चर मात्र तरीही छोटी करा, ४ जीबीवर पुढे त्रास होईलच.

पायरवाट

चालू झालं! गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये जे३ओची ओळ होती, मैत्रिणीने रेपो उघडतानाच घातलेली. क्लोन केल्यावर साइज जुळली आणि हीप न वाढवता बारव आली.

आता त्याच्याकडे भिंती विचित्र चौकटीचौकटीच्या दिसतात आणि कन्सोलवर 'कॅनॉट लोकेट टेक्स्चर टेक्स्चर्स/भिंत.पीएनजी' येतं. हेही एलएफएसचं का?

उंबरठा

नाही. पीएनजीचा पॉइंटर असता तर फाईल 'सापडली' असती आणि चित्र वाचताना रडली असती. इथे ती फाईलच नाही. सुटं टेक्स्चर असेल तर जे३ओ चित्र पोटात घेत नाही, त्याचा पाथ तेवढा लिहून ठेवतं. चित्र नाही मिळालं की जेएमई कन्सोलवर तक्रार लिहितं, तात्पुरतं चित्र चिकटवतं आणि पुढे जातं. तुझ्या फोल्डरात पीएनजी आहे पण कमिट झालेली (रेपोत नोंदवलेली) नाही, असं असणार. 'गिट स्टेटस --इग्नोर्ड' बघ, गिटइग्नोरमध्ये (रेपोत न घ्यायच्या फाईलींची यादी) पीएनजी असेल.

पायरवाट

होय, स्क्रीनशॉट रेपोत जाऊ नयेत म्हणून सरसकट सगळ्या पीएनजी इग्नोर केलेल्या होत्या. आता ती ओळ फक्त स्क्रीनशॉटच्या फोल्डरपुरती ठेवली. भिंती आल्या.

रात्रपाळी

उशिरा आलो, पण पुढे बिल्ड सर्व्हर लावणार असाल तर हेच तिथे परत होईल. गिटहब अ‍ॅक्शन्सचं (गिटहबवर आपोआप बिल्ड करायची सोय) चेकआउट एलएफएसच्या फाईली आपणहून आणत नाही, त्यात 'एलएफएस: ट्रू' लिहावं लागतं. शिवाय ग्रेडलमध्ये एक छोटं टास्क घाला: प्रत्येक जे३ओचे पहिले चार बाइट जेएमई३ नसतील तर बिल्ड तिथेच पाडायचं. खूण नसलेल्या फार जुन्या जे३ओ वापरत असाल तरच हे टास्क अडेल, आणि तुमच्याकडे त्या दिसत नाहीत.