टर्निंग पॉइंटवाले यशपाल सर कोणाकोणाले आठवते?

पऱ्हाटीवाला: काल वावरातून येता येता गाडीवर पोरीनं विचारलं, बाबा चांद आपल्या मागं मागं काऊन येते? गप बस म्हणणारच होतो, तं दूरदर्शनवरचे यशपाल आठवले. 1991 च्या आसपासचा 'टर्निंग पॉइंट' नावाचा विज्ञानाचा कार्यक्रम, पांढरे केस, पोराच्या प्रश्नावर असे विचारात पडत की वाटे त्यांनाही हा आजच पडला. हिंदी अर्धी समजे, तरी मी कार्ड टाकलं होतं, पऱ्हाटीचं फूल आज पिवळसर अन उद्या गुलाबी काऊन? नंबर नाही लागला. तुमचे अनुभव लिहा.

बुचकळा: सूत्रधार तं गिरीश कार्नाड होते ना बे? सर उत्तरं द्यायले येत.

आर्वीची सून: 24 ऑक्टोबर 1995 चं गिऱ्हान!! ऐन दिवाळीत. मोठ्या मायनं दारं-खिडक्या लावल्या, वहिनी पोटुशी होती तिले विळीले हात लावू देईना, अन इकडं टीव्हीवर यशपाल सर लाइव्ह गिऱ्हान समजावून सांगून राहिले. आबाजी म्हणे टीव्हीतूनही लागते 😂 शेवटी टीव्हीवर चादर टाकली, आम्ही नुसता आवाज ऐकला. तसंही आपल्याकडं खंडग्रासच होतं, खग्रास राजस्थान-युपीकडं. वहिनीचं पोरगं आता पोलिसात आहे, चांगलं धडधाकट.

लोडशेडिंग: आमच्याकडं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही. सकाळी ट्रॅक्टर चालू होईना मंग धक्का माराले मीच.

रिटायर मास्तर: मूळचा कॉस्मिक किरणांचा, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या किरणांचा शास्त्रज्ञ माणूस. इस्रोच्या अहमदाबादच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरचे पहिले डायरेक्टर, 1975-76 मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांत टीव्ही पोचवला. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणजे तिथंही आपला अनुशेषच. पुढं यूजीसीचे म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, मंग 1993 ले दप्तराच्या ओझ्यावर अहवाल. नातवाचं दप्तर उचलून पाहा एकदा. 2017 ले गेले सर.

बुचकळा: मास्तर, पेन्शन जमा झाली का?

रिटायर मास्तर: नाही ना बाप्पा.

कृषी केंद्र: पऱ्हाटीवाले भाऊ, ते अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य. फूल उमललं त्या दिवशी फिक्कट, परागीभवन झालं की दुसऱ्या दिवशी हा रंग चढते, मंग पाकळ्या गळून बोंड धरते.

पऱ्हाटीवाला: तीस वर्षांनं कार्डाचं उत्तर आलं! अन चांदाचं?

कृषी केंद्र: तो लय दूर आहे ना, आपण दोन कोस गेलो तरी त्याची दिशा बदलत नाही. जवळची झाडं मागं पळतात म्हणून तो संगं आल्यासारखा वाटते.

लोडशेडिंग: सोयाबीन काय भाव चालू आहे भाऊ तिकडं?