चालक नसलेला ट्रक लुटणं सोपं की अवघड?

चाकोरी: २०२५ मध्ये ऑरोरा कंपनीने अमेरिकेतल्या डॅलस-ह्यूस्टन मार्गावर चालकाविना मालवाहतूक सुरू केली, तेव्हापासून ऐकतोय की चोरांना आता रान मोकळं. मला उलट वाटतं. माल जातो तो मुख्यतः उभ्या ट्रकमधून. अमेरिकेत चालकाला ११ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही, मग सलग १० तास विश्रांती सक्तीची. तेवढा वेळ भरलेला ट्रक कुठल्यातरी तळावर उभा. यंत्राला झोप लागत नाही. शिवाय बंदुकीसमोर उभं राहायला कुणी नाही, माझ्यासाठी हे सगळ्यांत महत्त्वाचं.

मैलाचा दगड: असहमत. पुढे माणूस आला की ही गाडी थांबणारच, बनवलीच तशी आहे. पुढे एक गाडी आडवी, मागे एक, झालं काम. फेब्रुवारी २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमावाने वेमो कंपनीची चालकाविना चालणारी रिकामी टॅक्सी घेरून पेटवली. वर खिशात मावणारा जॅमर, म्हणजे सिग्नल अडवणारं यंत्र, लावला की जीपीएस आणि मोबाइल दोन्ही बंद.

चाकोरी: जॅमरने ट्रक वाट चुकत नाही, तो लायडार (लेझरने आजूबाजूचं अंतर मोजणारं यंत्र) आणि कॅमेऱ्यांवरही चालतो. नियंत्रण कक्षाशी संपर्क तुटतो हे खरं. पण संपर्क तुटणं हीच धोक्याची घंटा मानता येते.

सीलबंद: मी डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करणाऱ्या विभागात, काम करते. तुम्ही दोघं रस्त्यावर भांडताय, चोरी कागदावर होते. २०२४ मध्ये टीव्हीवरचा शेफ गाय फिएरी आणि रॉक गायक सॅमी हॅगर यांच्या टकिलाचे (मेक्सिकन दारूचे) दोन ट्रक चोरीला गेले, २४ हजारांहून जास्त बाटल्या. कुलूप तोडावं लागलं नाही, माल भामट्यांच्या हवाली केला गेला. आमच्याकडेही एकदा ट्रान्सपोर्टरच्या ईमेल पत्त्यात एकच अक्षर वेगळं होतं. ते आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. परवान्यावरचा फोटो चालकाशी जुळेना म्हणून फाटकावरच्या पहारेकऱ्याने गाडी अडवली, तेव्हा माल वाचला. चालकच नसेल तर पहारेकऱ्याने काय जुळवायचं?

चाकोरी: ट्रकची डिजिटल ओळख. ती कागदापेक्षा कितीतरी अवघड आहे बनवायला.

सीलबंद: आणि फुटली तर? २०१५ मध्ये मिलर आणि व्हॅलासेक या सुरक्षा संशोधकांनी घरबसल्या इंटरनेटवरून धावत्या जीपचा ताबा घेतला, नंतर १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. खोट्या परवान्यावर एक ट्रक जातो. इथे एकाच डिजिटल चावीवर सगळा ताफा.

चाकोरी: फाटकावर माणूस हवा, मान्य. पण मालाशेजारी केबिनमध्ये एकटा झोपणारा चालक म्हणजे राखणदार, हे मला अजूनही पटत नाही.